सामाईक सर्व्हरवर अनेक इन्स्टन्स: लोड बॅलन्सिंगची मांडणी कशी करावी

लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या अनेक ठिकाणी वाटून देणारा प्रोग्रॅम, इन्स्टन्स (ॲप्लिकेशनची चालू असलेली एकेक प्रत) मोजतो, मशीन मोजत नाही. एकाच सर्व्हरवर ८०८१ आणि ८०८२ या पोर्टांवर चालणारे दोन इन्स्टन्स त्याच्या लेखी दोन स्वतंत्र सर्व्हर असतात. दोघांचा सीपीयू, मेमरी आणि डिस्क एकच आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे कॉन्फिगरेशन फाइल उघडण्यापूर्वी कोणत्या मशीनवर कोणत्या ॲप्लिकेशनचे किती इन्स्टन्स आहेत, याचा तक्ता करावा आणि पुढचे सगळे आकडे त्यावरूनच काढावेत.

समजा, सारख्या क्षमतेची तीन मशीन आहेत आणि एका ॲप्लिकेशनचे चार इन्स्टन्स आहेत: पहिल्या मशीनवर दोन, उरलेल्या दोहोंवर एकेक. साध्या राउंड रॉबिनने (आळीपाळीने वाटण्याच्या पद्धतीने) विनंत्या चौघांत सारख्या वाटल्या जातात, म्हणजे पहिल्या मशीनवर निम्मा भार येतो. येथे पहिल्या मशीनवरील इन्स्टन्सना वेट (वाट्याचे प्रमाण) १ आणि इतरांना २ द्यावे. एकूण वेट ६ होते आणि प्रत्येक मशीनच्या वाट्याला एक तृतीयांश विनंत्या येतात. विनंत्यांना लागणारा वेळ फार कमीजास्त असेल, तर लीस्ट कनेक्शन पद्धत (सर्वांत कमी चालू कनेक्शन असलेल्याला विनंती देणे) अधिक बरी. वेट तिथेही लागू होते. मात्र एनजिनएक्स या वेब सर्व्हर व लोड बॅलन्सरमध्ये अपस्ट्रीम ब्लॉकला (इन्स्टन्सची यादी असलेल्या गटाला) ‘झोन’ देऊन सामाईक मेमरी नेमली नाही, तर प्रत्येक वर्कर प्रोसेस (विनंत्या हाताळणारी त्याची एकेक प्रक्रिया) आपापली वेगळी मोजणी ठेवते आणि लीस्ट कनेक्शनचा हिशेब अर्धवट राहतो. ही ओळ अनेकदा राहून जाते.

त्याच मशीनवर दुसरे ॲप्लिकेशनही असेल, तर खरी अडचण सुरू होते. दोन्ही अपस्ट्रीम गटांना एकमेकांची माहिती नसते. मशीन एका वेळी १२० कनेक्शन पेलू शकते असे चाचणीत आढळले, तर ‘मॅक्स कॉन्स’ची (एका वेळच्या कमाल कनेक्शनांची) मर्यादा प्रत्येक गटात १२० न ठेवता, ती दोन्ही ॲप्लिकेशनांत आणि पुढे त्यांच्या इन्स्टन्समध्ये वाटून द्यावी. तीनपैकी एक मशीन बंद पडल्यास उरलेल्या दोहोंवर दीडपट भार येणार, हेही त्याच वेळी धरावे. म्हणजेच एरवीचा भार क्षमतेच्या दोन तृतीयांशाच्या आत हवा. डेटाबेसचा हिशेबही याच तक्त्यावरून निघतो. समजा, पंधरा इन्स्टन्स आणि प्रत्येकी १० कनेक्शनांचा पूल (उघडून ठेवलेला साठा) म्हणजे १५०, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० आहे. अशा वेळी इन्स्टन्स वाढवून वेग वाढत नाही, उलट त्रुटी वाढतात.

भार सतत बदलत असेल, तर स्थिर वेटपेक्षा एचएप्रॉक्सी या दुसऱ्या लोड बॅलन्सरची ‘एजंट चेक’ सोय वापरावी, असे माझे मत आहे. प्रत्येक मशीनवर एक छोटा एजंट ठरावीक पोर्टवर चालवायचा. कनेक्शन येताच त्याने सीपीयूची स्थिती पाहून ‘७५%’ अशी एक ओळ परत द्यायची. त्या मशीनवरील सर्व इन्स्टन्सच्या नोंदींत, मग त्या कोणत्याही बॅकएंडमधल्या (एचएप्रॉक्सीच्या इन्स्टन्स-गटातल्या) असोत, याच एजंटचा पोर्ट द्यावा, म्हणजे एकाच निरोपाने सर्वांचे वेट घटते. एजंटने एकदा ‘ड्रेन’ (नव्या विनंत्या नकोत) असे कळवले, की नंतर नुसती टक्केवारी पाठवून भागत नाही. ‘रेडी’ हा शब्द यावाच लागतो. एजंटशी संपर्क तुटला, तरी एचएप्रॉक्सी तेवढ्यावरून सर्व्हरला बंद मानत नाही. त्यासाठी प्रत्येक इन्स्टन्सची नेहमीची हेल्थ चेक (तो चालू आहे का, ही तपासणी) वेगळी चालू ठेवावी, कारण एक ॲप्लिकेशन कोसळले म्हणून शेजारचे धडधाकट ॲप्लिकेशन बाद होता कामा नये.

एनजिनएक्सच्या मुक्त आवृत्तीत सक्रिय, म्हणजे आपणहून ठरावीक वेळाने होणारी, तपासणी नाही. खऱ्या विनंतीला अपयश आले, तरच ते इन्स्टन्स बाजूला काढते. मूळ सेटिंगनुसार एक अपयश पुरते आणि इन्स्टन्स १० सेकंद बाहेर राहतो, पण कनेक्शन जुळण्याची मुदत ६० सेकंद असते. मशीनची वीज गेली, तर समोरून नकारही येत नाही. विनंती पूर्ण मिनिटभर थांबते आणि मग कदाचित त्याच मृत मशीनवरील दुसऱ्या इन्स्टन्सकडे जाते. अंतर्गत नेटवर्कवर ही मुदत दोन सेकंदांवर आणावी. पोस्टसारखी (माहिती बदलणारी) विनंती एकदा पाठवली गेल्यावर एनजिनएक्स ती आपणहून दुसरीकडे पुन्हा पाठवत नाही. ही सावधगिरी तशीच राहू द्यावी.

सेशन (वापरकर्त्याच्या लॉगिनसारखी चालू स्थिती) शक्यतो रेडिस या डेटा-साठ्यासारख्या सामाईक ठिकाणी ठेवावे. एका ग्राहकाला नेहमी त्याच इन्स्टन्सकडे पाठवणाऱ्या एनजिनएक्सच्या ‘आयपी हॅश’मध्ये आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच भाग विचारात घेतले जातात, त्यामुळे एका कार्यालयातील सगळी मंडळी एकाच इन्स्टन्सवर जाऊन आदळू शकतात. शिवाय कुकी पोर्टनुसार वेगळी राहत नाही. एकाच होस्टवरील दोन ॲप्लिकेशनांच्या सेशन कुकींना निरनिराळी नावे द्यावीत.

बदल लागू करण्यापूर्वी कॉन्फिगरेशनची तपासणी करून मगच रीलोड करावे आणि लॉगमध्ये अपस्ट्रीमचा पत्ता नोंदवावा. विनंती दोन ठिकाणी फिरली असेल, तर तेथे दोन पत्ते स्वल्पविरामाने जोडलेले दिसतात. चाचणी घेताना केवळ प्रोसेस बंद करू नये, कारण तेव्हा नकार लगेच येतो आणि सगळे सुरळीत वाटते. एका मशीनकडे जाणारी पॅकेट फायरवॉलने गुपचूप टाकून द्यावीत, आणि दोन्ही ॲप्लिकेशनांच्या लॉगमध्ये त्या मशीनचे सर्व पत्ते किती सेकंदांत दिसेनासे होतात ते मोजावे.