आंबोलीत फ्रिज गप्प, बॅटरी मात्र ठणठणीत
आमची मारुती ईको व्हॅन मागची सीट काढून झोपण्यापुरती घरीच केलेली. आजऱ्यावरून आंबोलीला मुक्काम टाकला, धुकं असं की समोरचा दिवाही दिसेना. पहाटे बायको म्हणाली, "अरे, दूध नासलंय." छोटा बारा व्होल्टचा फ्रिज रात्रीच कधीतरी बंद पडला होता.

मी आधी बॅटरीला शिव्या घातल्या. उगाच! मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला तर 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मग कंप्रेसर सुरू होताना सॉकेटवर मोजलं: 11.1, आणि फ्रिज लगेच गप्प. म्हणजे व्होल्टेज वाटेतच गळत होतं. वायर चार मीटर, जेमतेम 1 स्क्वेअर एमएमची, घरातल्या बल्बच्या कामातून उरलेली. टाकली कोणी? मीच. सॉकेटची पिनही चटका बसावा इतकी तापलेली.

घाट उतरून सावंतवाडीत 6 स्क्वेअर एमएमची लाल-काळी वायर घेतली, बॅटरीजवळच 15 अँपिअरचा फ्यूज टाकला, सॉकेट काढून स्क्रूचा कनेक्टर बसवला. दीड तास गेला. तेवढ्यात बाईसाहेब मोती तलावाकाठी भजी खाऊन आल्या.

वेंगुर्ल्यात सुरमई घेतली. फ्रिज रात्रभर घरघरत होता, झोप त्या आवाजानेच उडाली.