सी-फूड महोत्सवात मटणाची सवय नडते: या चुका टाळा

मटण कसं खायचं हे कोल्हापूरकराला शिकवायची गरज नाही. अडचण अशी, की रंकाळा तलावाच्या काठावर मासळी आणि गाण्यांचा महोत्सव लागला तरी आपण मटणाच्याच सवयीनं वागतो. उशिरा जातो, आधी गाणी ऐकतो, मग सगळ्या गोतावळ्याला एका टेबलावर बसवून ताटं मागवतो आणि उरलेलं पार्सल करून घेतो. मटणाला हे चालतं. मंद आचेवर तासभर जास्त राहिलं तर ते मऊच होतं, रस्साही मुरतो. मासळीच्या मांसात चिवट तंतू अगदी कमी, म्हणून ती काही मिनिटांत शिजते आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला कोरडी पडत जाते. महोत्सवातून लोक नाराज होऊन परततात, त्यामागचं निम्मं कारण हेच असतं.

आधी गाणी, मग जेवण

हा क्रम उलटा करा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. वर्षातल्या ठरावीक, जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी १२ पर्यंत सूट मिळू शकते, पण ती प्रत्येक महोत्सवाला नसते. त्यामुळे मुख्य कलाकार साधारण आठ ते दहामध्येच उरकतात आणि नेमकी त्याच वेळेला स्टॉलवर झुंबड उडते. सहाला पोचा, साडेसातपर्यंत तळलेलं खाऊन मोकळे व्हा, मग निवांत गाणी ऐका. शेवटी भात-कढी घ्यायची असेल तर तिला रांग नसते.

सहाला जाण्याचा दुसरा फायदा तेलाचा. तव्यावर रव्याचे कण सुटतात, पुढच्या प्रत्येक घाण्याला जळत जातात आणि नऊ वाजेपर्यंत तेल काळं, कडवट होतं. मसाल्यात काही बिघडलं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात बिघडलेलं असतं तेल. तव्याच्या कडेला काळा गाळ साचलेला दिसला तर तेल कधी बदलणार ते सरळ विचारा. चांगला स्टॉलवाला राग मानत नाही.

दिवस निवडतानाही गफलत होते. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला गर्दी कमी म्हणून लोक मुद्दाम जातात. पण खाणारे कमी म्हणजे माल पडून राहणार, आणि रविवारी उरलेलं सोमवारी तव्यावर येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शुक्रवार किंवा शनिवारची संध्याकाळ बरी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कुणी ‘आजची ताजी सुरमई’ म्हणत असेल तर ती बहुधा कोल्ड स्टोरेजमधली. ती वाईटच असते असं नाही, फक्त ताज्या मालाचा भाव देऊ नका.

चारचाकी शक्यतो नेऊ नका. गगनबावडा रस्त्यानं येणारी वाहतूक आणि महोत्सवाची गर्दी एकाच तोंडाशी अडकते. दुचाकी घ्या, नाहीतर रंकाळा बसस्थानकापासून चालत जा.

मसाला लावलेला मासा बघून ऑर्डर देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समुद्राचा मासा कोल्हापुरात येतो तो घाट चढूनच. मालवण-देवगडकडचा गगनबावडा किंवा फोंडा घाटानं, रत्नागिरीचा आंबा घाटानं. म्हणजे सव्वाशे ते दीडशे किलोमीटर आणि तीन-चार तासांचा प्रवास. बर्फ नीट असेल तर एवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडतो तो इथं आल्यावर, स्टॉलमागच्या पेटीत बर्फ वितळून मासा पाण्यात पोहायला लागला की.

काचेच्या मागं लाल मसाल्यात मांडलेल्या तुकड्यांवरून काहीही कळत नाही. मसाला न लावलेला मासा दाखवा म्हणा. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, आत गेलेले किंवा दुधाळ नकोत. कल्ले लाल असावेत, तपकिरी नव्हे. बोटानं दाबलं की खळगा लगेच भरून यायला हवा. पापलेट कल्ल्याजवळ दाबलं आणि पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं, ही मासेवालीची जुनी परीक्षा आहे. वास समुद्राचा असावा. नाकात झोंबणारा, नवसागरासारखा वास आला की पुढच्या स्टॉलकडं वळा.

बांगडा, सुरमई आणि कुपा (ट्यूना) यांच्याबाबतीत एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. हे मासे उबेला राहिले की त्यांच्यात जिवाणूंमुळं हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं. एकदा तयार झालं की तळून, उकळून, कशानंही जात नाही. असा मासा जिभेला मिरपुडीसारखा चुरचुरतो, आणि नेमकी ही खूण आपल्या झणझणीत मसाल्यात लपून जाते. म्हणून पहिला घास मसाल्याची साल बाजूला सारून नुसत्या मांसाचा घ्या. मांस चुरचुरलं तर ताट परत करा, पैशाचा विचार करू नका. मालवणी पद्धतीच्या बांगड्यात तिरफळं असली तर जीभ बधिर-झिणझिण होते, पण ती तिरफळांची करामत, थोड्या वेळात उतरते. (तिरफळ चावायचं नसतं, ताटात बाजूला काढायचं.) चेहरा-मान लाल होणं, डोकं ठणकणं, छाती धडधडणं, अंगावर गांधी उठणं असं काही तासाभरात सुरू झालं, तर ते तिखटामुळं नाही. लगेच डॉक्टरकडं जा आणि कोणता मासा खाल्ला ते सांगा. श्वास लागत असेल तर थेट दवाखाना गाठा.

बसल्या बसल्या थाळी मागवणं

थाळीत तळलेली तुकडी, कालवण, भात, भाकरी, कढी सगळं एकदम येतं. कालवणात भात कालवेपर्यंत तुकडी गार होते आणि रवा ओला पडतो. चौघं असाल तर एकेक पदार्थ मागवा. आधी तव्यावरचं, एका वेळी दोन प्लेट, उभ्यानंच खाल्लं तरी चालेल. मग तिसऱ्या (शिंपले) किंवा कोळंबी. कालवण-भात शेवटी. क्रम सौम्याकडून तिखटाकडं असावा: पापलेट आधी, बांगडा नंतर. तांबडा-पांढरा रस्सा मागायचा मोह टाळा. कोल्हापुरात मासळी महोत्सवातही कुणीतरी तो ठेवतोच, आणि एकदा तो प्याला की पापलेटाची चव जिभेला लागत नाही.

भाव आधी विचारा. पाटीवर ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असेल तर मासा बोटानं दाखवून आकडा ठरवून घ्या. ‘फिश फिंगर’, ‘फिश टिक्का’ अशा नावानं मिळणारे पांढरे, सालकाट्याविना तुकडे बहुतेकदा बासाचे असतात. बासा गोड्या पाण्यातला, मत्स्यशेतीत वाढवलेला मासा. खायला हरकत नाही, पण ते सी-फूड नव्हे. स्थानिक तलावातली चिलापी, रोहू, कटला ठेवणारे स्टॉलही असतात. ताज्या चिलापीची तळलेली तुकडी शिळ्या सुरमईपेक्षा कधीही चांगली, फक्त तिला सुरमईचा दर द्यायचा नाही.

ताटात आलेलं बिघडलेलं असेल तर

रवा सुटून तव्यावरच राहिला: तवा पुरेसा तापला नव्हता किंवा एकदम दहा तुकड्या टाकल्या. मासा पाणी सोडतो, रवा भिजतो. गर्दी ओसरल्यावर पुन्हा मागवा, आणि तुकडी एकदाच उलटायला सांगा.

बाहेरून काळी, काट्याजवळ कच्ची: तुकडी फार जाड कापली किंवा बर्फातून काढून थेट तव्यावर टाकली. बोटभर जाडीच्या सुरमईला मध्यम आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटं पुरतात. मधल्या काट्याजवळचं मांस काचेसारखं दिसत असेल तर परत तव्यावर पाठवा. पांढरं, पाकळ्यांसारखं सुटलं की झालं.

कोळंबी रबरासारखी: जास्त शिजली. आधीच शिजवून ठेवलेली रश्शात पुन्हा गरम केली की हे होतंच. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली कोळंबी बरोबर, पूर्ण गोल वेटोळं झालेली गेली. पाठीवरचा काळा धागा काढलेला नसेल तर दातात वाळू येते.

तिसऱ्या कचकचतात: मिठाच्या पाण्यात तासन्‌तास ठेवून वाळू सोडायला दिलीच नाही. यावर ताटात उपाय नाही. शिजल्यावरही तोंड न उघडलेला शिंपला उचकटून खाऊ नका, ठेवून द्या.

खेकडा पोकळ: निवडताना मोठा बघितला, जड बघितला नाही. सारख्या आकाराचे दोन हातात घ्या आणि वजनदार तो घ्या. अमावस्येला खेकडे भरलेले आणि पौर्णिमेला रिकामे, असं किनाऱ्यावर सांगतात. हातात वजन घेऊन बघणं त्याहून खात्रीचं. पांढरा सदरा घालून मात्र खेकड्याच्या नादी लागू नका.

सोलकढी आंबट-फेसाळ: नारळाचं दूध उबेला टिकत नाही. बर्फातल्या भांड्यातली घ्या. खऱ्या कढीचा रंग फिकट गुलाबी असतो. भडक राणी रंग दिसला तर बिट किंवा रंग टाकलाय, असं समजा.

स्टेजच्या पुढ्यात ताट घेऊन बसणं

पुढच्या खुर्च्या मानाच्या असतील, ऐकायच्या नाहीत. बेसचे मोठे स्पीकर तिथंच जमिनीवर असतात, त्यात गाण्याचे शब्द बुडतात. साउंडवाला मिक्सर घेऊन ज्या जागी बसतो, त्याच्या आसपास उभे राहा. तो आवाज तिथूनच जुळवतो, म्हणून तिथं तो सगळ्यात नीट ऐकू येतो. कानांना किती वेळ सोसतं याचा हिशेब असा: ८५ डेसिबलच्या आवाजाला ८ तास, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. लहान मुलांना स्पीकरपासून लांब ठेवा, स्वतःसाठी मेडिकलमधले फोमचे बोळे चालतात.

गर्दी नको असेल तर पाण्याच्या पलीकडच्या काठावर जा. थंडीच्या संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार असते, आवाज वर न जाता पाण्यावरून लांबवर येतो. १०० मीटरला तो साधारण ०.३ सेकंद मागं पडतो, त्यामुळं ढोलकीवरची थाप आणि तिचा आवाज जुळत नाही. तेवढं चालवून घ्यायचं. स्वेटर मात्र हवाच.

जेवायला दिव्याखाली बसू नका. तळ्याकाठचे किडे त्याच दिव्यावर येतात आणि कढीत पडतात. काटे आणि पत्रावळ्या कचऱ्याच्या डब्यातच टाका. रंकाळ्यानं सांडपाणी आणि जलपर्णी पुरेशी सोसली आहे.

काटा अडकला की कोरडा भात गिळणं

घरोघरी हाच उपाय सांगतात: भाताचा गोळा, भाकरीचा तुकडा, केळं. त्यानं काटा खाली जाण्याऐवजी आणखी रुतू शकतो. खोकून बघा, घोटभर पाणी प्या. तरीही टोचत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा. बोट घालून काढायच्या फंदात पडू नका. मुलांना सुरमई किंवा हलवा मासा द्या, काटे मोठे असतात, दिसतात. बांगडा त्यांना स्वतः सोडवून द्या. बोंबलाचा काटा मऊ असतो, तो मोठ्यांनी काट्यासकट खावा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यानं तळलेली सुरमईसुद्धा विचारून घ्यावी, कारण तवा आणि तेल बहुधा एकच असतं.

पार्सल

तळलेल्या मासळीचं पार्सल डब्यात बंद केलं की वाफेनं दहा मिनिटांत लिबलिबीत होतं. न्यायचंच असेल तर झाकण उघडं ठेवून न्या आणि घरी तव्यावर, तेलाशिवाय गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. कालवण नेता येतं, बांगड्याचं तर दुसऱ्या दिवशी जास्त लागतं. पण ते स्टॉलवर किती वेळ कोमट होतं हे विचारून घ्या. शिजवल्यापासून फ्रिजमध्ये जाईपर्यंत दोन तासांच्या वर गेले असतील, तर तिथंच सोडून या.