ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थ्याने डिजिटल पोर्टफोलिओ कसा बांधावा

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षातली मुलं दरवर्षी मला पोर्टफोलिओ दाखवायला आणतात. तीस-चाळीस पानं असतात, सगळी देखणी, पण शेवटच्या पानापर्यंत पोचताना पहिलं काम डोक्यातून गेलेलं असतं. मेहनत भरपूर घेतलेली असते, फक्त ते काम सुचलं कसं, हे कुठेच दिसत नाही. मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न त्याचाच येतो.

आधी निवड

पहिल्या वर्षापासूनचं सगळं काम एका फोल्डरमध्ये आणा आणि त्यातले सहा ते आठ प्रकल्प ठेवा. ज्या कामाबद्दल तुम्ही न अडखळता पाच मिनिटं बोलू शकता, ते ठेवायचं. एकाच धाटणीची तीन पोस्टर असतील तर एकच पुरे. गुण चांगले पडले होते म्हणून एखादं काम ठेवू नका. सगळ्यात दमदार काम सुरुवातीला लावा, त्याच्या खालोखालचं शेवटी.

मग रफ वह्या बाहेर काढा

एका विद्यार्थिनीने रसवंतीगृहाची पाटी केली होती. पोर्टफोलिओत फक्त तयार पाटीचं मॉकअप, म्हणजे ती प्रत्यक्षात कशी दिसेल याचं संगणकावर केलेलं चित्र, होतं. मी वही मागितली. पहिल्या पानावर ‘रसवंती’तल्या ‘र’चा पाय उसाच्या कांड्यासारखा काढलेला होता आणि त्यावर काट मारून शेजारी लिहिलं होतं, ‘रस्त्यापलीकडून वाचता येत नाही’. पुढच्या पानावर चरकाला बांधलेली घुंगरं होती आणि त्यातलं एक घुंगरू ‘वं’च्या अनुस्वाराच्या जागी येऊन बसलं होतं. पण टिंब मोठं केल्यावर ते ‘ती’च्या वेलांटीला जाऊन थडकत होतं. मग वेलांटीची कमान सहा-सात वेळा बदललेली. हीच दोन पानं तिच्या कामातली सगळ्यात मोलाची पानं होती आणि ती घरी कपाटात पडून होती!

म्हणून प्रत्येक प्रकल्पाला चार गोष्टी द्या: काम काय होतं, काय करून पाहिलं, काय सोडलं आणि का, शेवटी काय ठरलं. प्रत्येकी दोन-तीन ओळी पुरतात. वहीच्या पानाचे फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढा. डाग, खाडाखोड राहू द्या. पोर्टफोलिओसाठी नंतर बसून नवी ‘रफ’ स्केचेस मात्र काढू नका. ओळखू येतात.

देवनागरीकडे नीट लक्ष द्या

मराठी अक्षरांवरचं काम हे तुमचं बळ आहे, पण चुकाही तिथेच होतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येत असेल, तर पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याची भलतीच चिन्हं होतात. रोमन कॅपिटल अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली छान दिसते, देवनागरीत तसं केलं की शिरोरेखा तुटते. चांगला फॉन्ट हाताशी नसेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, मुक्त परवान्याचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ गूगल फॉन्ट्सवर आहेत.

कुठे आणि कसं ठेवायचं

दोन रूपं तयार ठेवा, एक लिंक आणि एक पीडीएफ. लिंकसाठी बिहान्स ही डिझाइनरांची काम दाखवायची वेबसाइट विनामूल्य आहे, आणि अनोळखी लोकांनाही तिथे तुमचं काम सापडू शकतं. अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड या सॉफ्टवेअर-संचाचं सशुल्क सदस्यत्व असेल तर अडोबी पोर्टफोलिओवर स्वतःची साइट करता येते. मला साधी, एका पानाची साइट आवडते. तिथे शेजारी दुसऱ्या कुणाचं काम नसतं.

पीडीएफ आडवी ठेवा, १९२० बाय १०८० पिक्सेलची, साधारण १५ पानांची. जीमेलला २५ एमबीपर्यंतची फाइल जोडता येते, तरी १० एमबीच्या आत राहा. छपाईसाठी केलेलं काम सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत असतं. स्क्रीनसाठी ते एसआरजीबी या स्क्रीनच्या रंगपद्धतीत एक्सपोर्ट करा, नाहीतर रंग भलतेच दिसू शकतात. पाकीट, पत्रिका, पिशवी असं काही खरंच छापलं असेल तर मॉकअपऐवजी त्याचाच फोटो लावा.

श्रेय स्पष्ट लिहा

गटात केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता, ते लिहा. एखाद्या प्रसिद्ध ब्रँडसाठी सराव म्हणून काम केलं असेल तर ‘अभ्यासासाठी केलेला प्रकल्प’ असं तिथेच नोंदवा. एआयने तयार केलेली चित्रं वापरली असतील तर तेही लिहा. डिझाइनचं जग लहान आहे, आणि लपवलेली गोष्ट कामापेक्षा जास्त लक्षात राहते.

पाठवण्याआधी

डिझाइनशी संबंध नसलेल्या कुणाच्या तरी, आईच्या किंवा काकांच्या, हातात फोन द्या आणि गप्प बसा. कुठे थांबतात, कुठे बोटांनी मोठं करून बघतात, ते टिपून घ्या. जिथे मोठं करावं लागलं तिथल्या अक्षरांचा आकार वाढवा. ईमेल आणि फोन नंबर पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही पानांवर हवा. शेवटी लिंक ब्राउझरच्या खासगी विंडोत उघडून बघा. ड्राइव्हवर ठेवलेली फाइल तुमच्या फोनवर लगेच उघडते, समोरच्याला मात्र परवानगी मागण्याचा संदेश दिसू शकतो. तसा दिसला तर शेअरिंग बदला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून पुन्हा उघडून बघा.