वर्षश्राद्धाच्या आत आजोबांची पुस्तिका कशी करावी

घरातलं मोठं माणूस गेलं की रक्षाविसर्जनाच्या आत चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर ठरलेलं लिहिलेलं असतं: कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी. आमच्या आबांना मनमिळाऊ म्हटलेलं त्यांच्या सख्ख्या भावालाही पटलं नसतं, कारण बांधावरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. आबा आम्हाला फार प्रिय होते, पण ते तसेच होते. म्हणून आम्ही नातवंडांनी ठरवलं की वर्षश्राद्धाला स्टीलचा डबा वाटायचा नाही, छोटी पुस्तिका वाटायची. वाळवा तालुक्यातल्या एका साध्या शेतकऱ्याची. तुम्हाला करायची असेल तर हे वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे रद्दीवाल्याला वर्षभर दारात उभं करू नका. बाराव्याच्या आवराआवरीत बायका-पोरांचा हात आधी ट्रंकेवर पडतो आणि खरा माल तिथंच असतो. सोसायटीची, म्हणजे शेतीकर्ज देणाऱ्या गावच्या संस्थेची पासबुकं, कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, कुणाला तरी दिलेल्या उसन्या पैशांचा कागद. आमच्याकडे सगळ्यात मोलाची निघाली ती जुनी कॅलेंडरं. 'कालनिर्णय' १९७३ पासून निघतं आणि खेड्यात ते भिंतीवर कमी आणि हिशेबाला जास्त वापरतात. तारखांच्या चौकोनात आबांचं बारीक अक्षर: 'म्हैस भरवली', 'मोटर जळाली', 'थोरली माहेरी आली', 'पाणी पाळी रात्री २'. भावना एकही नाही, पण थोरली आत्या कधी आली ते प्रत्येक वेळी लिहिलंय. अशी पानं फोटो काढून जशीच्या तशी छापा, खाली स्पष्टीकरण देत बसू नका.

मग कागद. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती खरी धरू नका. त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच येतो, कारण नाव घालताना गुरुजींनीच ती लिहून टाकलेली असते. सातबारा सगळ्यांच्या घरात असतो, पण गोष्ट कळते ती फेरफारात, म्हणजे जमिनीच्या मालकीत होत गेलेल्या बदलांच्या नोंदीत. पणजोबा वारल्यावर वारसनोंद कधी झाली, वाटणी कधी झाली, आत्यांनी आपला वाटा सोडल्याची हक्कसोड कधी करून दिली, हे तिथं क्रमानं सापडतं. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यातला सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तर वाचायलाच हवा. विहिरीवर इंजिन बसलं ते साल आम्हाला घरात कुणीच सांगू शकलं नाही, बोजाच्या नोंदीनं सांगितलं. फार जुना कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. अंदाजानं वाचलात तर भलत्याच घराण्यात शिराल.

आता माणसं. इथं जास्त वेळ द्या आणि म्हाताऱ्यांपासून सुरू करा, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. मुलांना विचारून फारसं हाती लागत नाही, मुलं वडिलांचा फ्लेक्सच वाचून दाखवतात. आबांची धाकटी बहीण, मेव्हणा, शेजारचा वाटेकरी, ज्याच्याशी भांडण होतं त्या घरातली म्हातारी, यांच्याकडे जा. फोनवर रेकॉर्डिंग लावा, पण समोर धरू नका. 'आबांबद्दल दोन शब्द सांगा' म्हटलं की माणूस सभेतल्यासारखं बोलायला लागतो. त्यापेक्षा आबांचा अडकित्ता नेऊन हातात द्या. आमच्या आजीआत्यानं तो बघून आधी सुपारी मागितली, मग दुपारभर बोलत होती.

आणि साल विचारू नका. 'कितव्या साली लग्न झालं?' याला उत्तर येत नाही. 'भूकंपाच्या आधी की नंतर?' याला लगेच येतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. आमच्या भागात ती रात्र सगळ्यांना आठवते. तशीच गांधीजींच्या हत्येनंतरची, १९४८ ची जाळपोळ. आणे जाऊन नवे पैसे आले ते १९५७. दुष्काळ म्हणजे १९७२, खडी फोडायची कामं आणि सुकडी. अलीकडचं हवं असेल तर २००५ आणि २०१९ चे महापूर. आबांचं वय आम्ही असंच काढलं: जाळपोळीत ते म्हसरं राखायला जाण्याएवढे होते, असं आजीआत्या सांगते. म्हणजे दाखल्यावर आहे त्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठेच.

वंशावळीसाठी सांगली-कोल्हापूरकडे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखणारे फिरते लोक, येतात. त्यांच्या चोपडीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या असतात. सुगीनंतर बैल घेऊन दारात आले की धान्य द्या, बसवा आणि वाचून घ्या. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही नावं मिळतात, तिथं घराण्यातलं कुणी पूर्वी जाऊन आलेलं असेल तर. पण या दोन्हीकडे मुख्यतः पुरुषांचीच नावं. पुस्तिकेत तसं करू नका, हे मी हट्टानं सांगते. आजीचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, सगळ्या लेकी, लहानपणी गेलेली लेकरंसुद्धा, सगळी लिहा. आमच्या चुलत्यांनी 'लेकी दुसऱ्या घरच्या' असं म्हणून बघितलं. मी त्यांना हक्कसोडीचा फेरफार दाखवला, मग ते काही बोलले नाहीत.

फोटोंचं थोडक्यात. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट सावलीत धरून, फ्लॅश न लावता मोबाईलनं काढा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेन उमटतं.

भांडणं छापायची का? आम्ही बांधाचं छापलं, कारण ते अख्ख्या गावाला माहीत होतं आणि शेवटी मिटलंही: भावाच्या आजारपणात आबा डबा घेऊन मिरजेला जायचे. दुसरी एक गोष्ट मात्र आजीनं 'राहू दे' म्हटलं, ती ठेवली नाही. जिवंत माणसाला लागेल ते त्याला विचारल्याशिवाय घालायचं नाही, एवढाच नियम पाळला. दोघांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला तर दोन्ही छापा, कुणाचं खरं ते वाचणारे ठरवतील.

छपाई तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे होते. मध्ये पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत हवीत: चोवीस किंवा बत्तीस. मोबाईलवर टाईप केलेला मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, तेव्हा प्रूफ स्वतः कागदावर वाचा. आमच्या प्रूफात 'श्राद्ध' एका ठिकाणी ओळखू येत नव्हतं. अक्षर मोठं ठेवा, वाचणारे सत्तरीचे आहेत. शेवटची दोन-तीन पानं कोरी सोडा आणि फाईल पेन ड्राईव्हवर मागून घ्या, कारण पुस्तिका वाटली की मगच खरी माहिती यायला लागते. आमच्याकडे जेवणाच्या पंगतीतच एका पाहुण्यानं ऐकवलं की ते इंजिन आबांनी एकट्यानं घेतलं नव्हतं, निम्मे पैसे त्याच्या बापाचे होते. पुढच्या छपाईत ते घातलंय.