माल्टाच्या घाटातून कोल्नब्राइन धरणावर

मी साताऱ्याची, कुंभार्ली घाटात गाडी शिकलेली. तरी ऑस्ट्रियातल्या कॅरिंथियाचा हा घाट पहिल्यांदा चढले-उतरले तेव्हा दोनदा चुकलेच. (माल्टा हे इथल्या खोऱ्याचं नाव, ते बेट वेगळं.)

रस्ता मे ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो. ए-१० महामार्गावरून ग्म्युंडला उतरा आणि पेट्रोल तिथेच भरा. महामार्गाचं विन्येट (म्हणजे टोलचा पास) घेतलेलं असलं तरी घाटाचा टोल वेगळा द्यावा लागतो.

वर बोगदे लागतात. काही अरुंद, त्यामुळे सिग्नलवर एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. मी पंधरा मिनिटं थांबले होते. लाल दिसला की इंजिन बंद करून खाली उतरा, धबधबे बघा. बोगद्यात शिरताना गॉगल काढायला विसरू नका.

आता हेअरपिन, म्हणजे पूर्ण उलटी फिरणारी वळणं. इथे गाडी उजवीकडून चालते, म्हणून आपला हात चुकतो. उजवं वळण आतल्या अंगाचं, फार आवळलेलं. वळणाआधीच दुसरा गिअर टाका, गरज पडली तर पहिला. डावं वळण ऐसपैस वाटतं आणि तिथेच मी मोह पडून मधली रेघ ओलांडली. समोरून बस. तिचा ड्रायव्हर काही बोलला नाही, नुसतं बघितलं. आईची आठवण झाली.

धरण २०० मीटर उंच, म्हणजे कोयनेच्या जवळजवळ दुप्पट. पाणी मात्र जेमतेम ७ टीएमसी, कोयनेत १०५. पातळ, कमानीसारखी वाकलेली भिंत. १९७८ साली पाणी भरताना तिला तडे गेले, मग पुढे पायथ्याशी काँक्रीटचा मोठा टेकू उभारला. भिंतीवरून चालत जा, पण जर्किन घालून. साधारण १,९०० मीटरवर आहात, खाली उकडत असलं तरी इथला वारा बोचतो.

दुसरी चूक उतरताना. चौथ्या गिअरमध्ये निवांत, पाय ब्रेकवर. सातव्या-आठव्या मिनिटाला जळक्या रबरासारखा वास, पेडल मऊ. बाजूला जागा बघून गाडी लावली आणि अर्धा तास बसून राहिले. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडकेल. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा, इंजिनालाच गाडी धरू द्या. ब्रेक दाबायचाच तर वळणाआधी नीट दाबून सोडा, सतत टेकवून ठेवू नका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड कुठे आहे ते खाली टोलनाक्यावरच शोधून ठेवा.