कापायच्या आधी कापड धुऊन बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की ओळखीतली चार-दोन मुलं-मुली हमखास माझ्याकडे येतात. कुणाला नोकरी सोडून धंदा काढायचा असतो, कुणाला स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जायचं असतं. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी गाडी एकाच प्रश्नावर येते, "ताई, नाही जमलं तर?" मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना चालवते. हाच प्रश्न उशाशी घेऊन मी आठ महिने झोपले आहे. म्हणून सगळं नीट सांगते.

आधी आमच्या घराविषयी. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. तेव्हापासून गिरणीतली नोकरी म्हणजे जन्माची सोय, असं इथल्या कित्येक पिढ्यांनी मानलं. माझे वडील, आप्पा, गिरणीत विणकाम खात्यात पर्मनंट होते. मी सातवीत असताना गिरणी बंद पडली. देणी हातात यायला वर्षं गेली. मधल्या काळात आईनं विड्या वळल्या. रोज हजार विड्यांचा हिशेब असायचा, आणि माझ्या वह्यांनासुद्धा तंबाखूचा वास यायचा. अशा घरात 'पर्मनंट' हा शब्द किती जड असतो ते वेगळं सांगायला नको. बी.कॉम. झाल्यावर मी नवी पेठेत एका कर सल्लागारांकडे लागले आणि नऊ वर्षं लोकांचे हिशेब लिहिले. त्यात गणवेशवाल्यांच्याही वह्या असायच्या. या धंद्यात कष्ट आहेत, पण पैसा आहे, हे मला आकड्यांत दिसत होतं.

तरी पाऊल उचलत नव्हतं. मला वाटायचं, भीती पैशाची आहे. एका रात्री नीट विचार केला तेव्हा समजलं की डोळ्यांसमोर पैसा येतच नाहीये. येतेय ती आमची गल्ली. धंदा बुडाला आणि मी पुन्हा डबा घेऊन त्याच ऑफिसला निघाले, तर ओट्यावर बसलेल्या बायका काय बोलतील, चुलतभाऊ लग्नकार्यात सगळ्यांसमोर काय विचारील, हेच चित्र पुन्हा पुन्हा यायचं. या चित्राला आकडा नसतो. म्हणून ते वाढतच जातं.

दुसऱ्या दिवशी मी वहीच्या कोऱ्या पानावर तीन ओळी लिहिल्या. सगळं बुडालं तर किती जाईल? ते फेडायला किती महिने लागतील? कोणत्या तारखेला थांबायचं? भांडवल ३,४०,००० रुपये लागणार होतं. मशिनी विकून काय येईल, उरलेलं कापड काय भावानं जाईल, हे धरलं तर जास्तीत जास्त १,६०,००० जाणार होते. पुन्हा नोकरी धरून महिन्याला ५,००० बाजूला टाकले असते, तर ३२ महिने. माझं वय तेव्हा ३१. थांबायची तारीख लिहिली ३१ जुलै २०१७, म्हणजे दोन हंगाम. गल्लीचं भय त्या पानावर कुठेच बसेना, त्याला रकानाच नव्हता.

ते पान मी आप्पांना दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "पोरी, मी आयुष्यात एकदा पण धोका पत्करला नाही. तरी गिरणी गेलीच की. तुझ्या कागदावर निदान आकडा तरी हाय." त्या संक्रांतीला, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू असताना, मी ऑफिसात राजीनामा दिला. मार्चअखेरपर्यंतचं सगळं काम पुरं करून देईन असा शब्द दिला आणि पाळला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचाच आधार झाला.

आता पहिला हंगाम. या धंद्यात साल एकदाच येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑर्डर ठरते, कापड भरायचं, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल पोचवायचा. एका शाळेचे ४२० शर्ट मिळाले. चौकटीचं कापड मी थोडं स्वस्तातलं घेतलं, त्यात सुती धागा जास्त होता. टेबलावर साठ थर अंथरून झाले, खडूनं आखणी झाली, मास्तरांनी कटिंग मशीन हातात घेतलं आणि तिथंच थांबले.

"अक्का, कापड धुऊन बघितलंसा का?"

घरी तेलुगू बोलणारे, चाळीस वर्षं कापड कापलेले मास्तर. मी म्हटलं, व्यापाऱ्यानं आटणार नाही असं सांगितलंय. दिवस कमी होते, मला घाई होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पातं थरात घातलं.

जूनच्या शेवटाला शाळेतून निरोप आला. पहिल्याच धुण्यात शर्ट आटले होते. धुतलेला एक शर्ट मी टेबलावर पसरून टेप लावली. तयार छाती ३८ इंच ठेवली होती, ती साडेछत्तीस भरली. कापड चार टक्के आटलं होतं. बटणपट्टी मुलांच्या पोटावर ताणली जात होती आणि बाह्या वर चढल्या होत्या. सगळा माल गाठोडी बांधून परत आला. एका शर्टाला मला २१० रुपये खर्च आला होता, म्हणजे ८८,२०० रुपयांचा माल दारात पडला होता.

दोन रात्री झोप नाही. चार दिवस मी बाजारात मागच्या गल्लीनं जात होते, कुणी भेटू नये म्हणून. मग वही उघडली. पानावर १,६०,००० लिहिलेले होते आणि समोरचा आकडा त्याच्या आत होता. त्या क्षणी मला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. मुख्याध्यापिकांकडे गेले, चूक माझी आहे म्हणाले आणि वीस दिवस मागितले. नवीन कापड या वेळी आधी भिजवायचं होतं. तेव्हा सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. टँकर विकत घेतला, हौद भरला, गच्चीभर दोऱ्या बांधल्या आणि पाचशे मीटर कापड वाळवलं. एकोणिसाव्या दिवशी माल पोचला. शाळेनं पैसे दिले. परत आलेले शर्ट धुऊन, इस्त्री करून, एक नंबर लहान धरून खेड्यांतल्या दुकानदारांना ९० रुपयांनी विकले, त्याचे ३७,८०० आले. वहीत तोटा लिहिला ५०,४००. ज्याला मी बुडणं म्हणत होते, ते एवढं होतं.

त्यानंतर प्रत्येक ताग्याचा तुकडा धुतला जातो. ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, धुवायचा, वाळवायचा, इस्त्री करून पुन्हा मोजायचा. येणाऱ्या मुलांना मी हेच करायला लावते. हॉटेल काढायचंय? आधी महिनाभर कुणाच्या तरी गल्ल्यामागे उभा राहा. शिवणाचं युनिट काढायचंय? चार आठवडे दुसऱ्याच्या कारखान्यात बस. मी नऊ वर्षं गणवेशवाल्यांचे हिशेब लिहिले, पण कापणीच्या टेबलापाशी एक दिवसही उभी राहिले नव्हते. ती कसर ५०,४०० रुपयांना पडली.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. आई-बहिणीचे दागिने गहाण टाकण्याआधी बँकेत जाऊन ते विचारा. आणि उधारी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदारानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. नव्या माणसाचा धंदा तोट्यापेक्षा अडकलेल्या पैशानं जास्त मोडतो, हे मी दुसऱ्यांच्या वह्यांत किती वेळा बघितलंय.

२०२० च्या जूनला शाळा उघडल्याच नाहीत. त्यात माझी काही चूक नव्हती आणि कुठलाही तुकडा धुऊन ते कळलं नसतं. कापड पडून, हप्ते चालू, चार बायकांची घरं माझ्यावर. मी जुन्या साहेबांना फोन केला आणि पुन्हा रिटर्न भरायचं काम घेतलं. सव्वा वर्ष केलं. गल्लीतल्या बायकांनी बघितलं आणि विचारलंही. मी सांगितलं, हंगाम नाही म्हणून काम करतेय. त्यावर त्यांनी भाजीचा भाव विचारला.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी वेगळं काही नाही, पान तेच. माझा भाचा पुण्याला निघाला तेव्हा त्याच्याकडूनही लिहून घेतलं. किती वर्षं, घरचे किती पैसे, कुठल्या तारखेला परत. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, पण ती आयोगाची तारीख झाली, तुमची तुम्ही ठरवायची. त्यानं तीन प्रयत्न लिहिले होते. तिसऱ्यात थोडक्यात राहिला. रेल्वे स्टेशनवर मी घ्यायला गेले, तर डब्यातून उतरताना मान खाली. घरी आल्यावर आम्ही दोघांनी ते पान काढलं. आता तो सहकारी पतसंस्थेत आहे, आणि संध्याकाळी धाकट्या मुलांना गणित शिकवतो.

सध्या माझ्या वहीत नवीन पान आहे. दवाखान्यातल्या परिचारिकांचे गणवेश सुरू करायचे आहेत. ते रोज धुतले जाणार, म्हणून कापडाचे तीन तुकडे गेला पंधरवडा रोज धुतोय. मास्तर आता थकलेत, पण मोजायला स्वतः येतात. पहिल्या दोन ओळींचे आकडे लिहून झालेत. तिसऱ्या ओळीसमोरची तारीख अजून कोरी आहे. गड्ड्याच्या जत्रेआधी ती भरायची आहे.