महागडी केबल घ्यावी का? टीव्ही आणि स्पीकरसाठी तारा निवडण्याची पद्धत

टीव्हीचा सौदा ठरला, बिल फाडायची वेळ आली की सेल्समन हमखास विचारतो, "सर, केबल चांगलीवाली टाकू ना?" ही चांगलीवाली म्हणजे जाड विणलेल्या आवरणाची, सोनेरी टोकांची, दोन-तीन हजारांची. टीव्हीवरचा नफा स्पर्धेमुळे घासून घासून बारीक झालेला असतो, केबलवर मात्र तो ऐसपैस असतो. त्यामुळे हा प्रश्न इतक्या प्रेमाने येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. केबल तिच्या कामाला पुरी पडते किंवा पडत नाही. पुरी पडली, की त्यापुढे ओतलेल्या पैशाचं चित्रात किंवा आवाजात काही उतरत नाही. पण "सगळ्या केबल्स सारख्याच" हेही खरं नाही. कुठली पुरी पडेल हे घरबसल्या ठरवता येतं, आणि ते दुकानात जायच्या आधी ठरवायचं.

पायरी १: अंतर मोजा

सुतळी किंवा मेजरिंग टेप घ्या आणि केबल खरोखर जिथून जाणार आहे त्या वाटेने मोजा. युनिटच्या मागून, कोपऱ्याला वळून, टीव्हीच्या पाठीपर्यंत. त्यात अर्धा मीटर मिळवा. त्याहून लांब घेऊन मागे वेटोळं करून ठेवण्यात अर्थ नाही, कारण एचडीएमआयच्या (टीव्हीला चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या केबलच्या) बाबतीत लांबी हाच सगळ्यात मोठा शत्रू आहे.

घरात फर्निचरचं काम चालू असेल आणि केबल भिंतीतून न्यायची असेल तर इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा: एचडीएमआयचं डोकं साध्या पाऊण इंची पाइपच्या बेंडमध्ये अडकतं. मोठा पाइप टाकून घ्या आणि आत एक दोरी सोडून ठेवा. पाच वर्षांनी केबल बदलायची झाली तर प्लॅस्टर फोडावं लागणार नाही.

पायरी २: त्या केबलमधून काय जाणार आहे ते लिहा

साधा एचडी सेट-टॉप बॉक्स असेल तर बॉक्सबरोबर आलेली केबल वापरा, विषय संपला. स्ट्रीमिंगची काडी थेट टीव्हीच्या मागे खोचली जाते, तिला बहुधा केबलच लागत नाही. प्लेस्टेशन ५ घेतला असेल तर "अल्ट्रा हाय स्पीड" दर्जाची केबल (दर्जांची नावं पायरी ३ मध्ये) त्याच्या खोक्यातच येते. अनेक जण ती तशीच ठेवून दुकानातून दुसरी विकत आणतात.

उरतात ते खरे ग्राहक: ४के प्लेअर, गेमिंगचा कॉम्प्युटर, एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अॅम्प्लिफायर), किंवा दूर लावलेला प्रोजेक्टर.

पायरी ३: एचडीएमआय केबलचं लेबल वाचा

पाकिटावर "एचडीएमआय २.१ केबल" असं ठळक छापलेलं दिसतं. खरं तर एचडीएमआयचा परवाना देणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार केबलवर आवृत्तीचा आकडा छापायचाच नसतो. केबलला आवृत्ती नसते, दर्जा असतो, आणि दर्जाचं नाव तिच्या वहनक्षमतेवरून ठरतं.

"हाय स्पीड" केबल सेकंदाला १०.२ गिगाबिटपर्यंत माहिती नेते. फुल एचडी आणि सेकंदाला ३० फ्रेमचं ४के एवढ्याला ती पुरते. "प्रीमियम हाय स्पीड" १८ गिगाबिटपर्यंत जाते, म्हणजे ६० फ्रेमचं ४के, एचडीआरसह (उजेड-अंधाराचा पल्ला जास्त दाखवणारं चित्र). आपल्याकडच्या बहुतेक घरांची गरज इथेच भागते. "अल्ट्रा हाय स्पीड" ४८ गिगाबिटची. ती १२० फ्रेमच्या ४के गेमिंगसाठी किंवा ८के साठी. २०२५ मध्ये ९६ गिगाबिटची नवी पातळीही जाहीर झाली आहे, पण ती पूर्ण वापरणारी यंत्रं घरात येईपर्यंत तिच्यामागे धावू नका.

प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन दर्जांच्या पाकिटावर होलोग्राम आणि क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल असतं. त्यासाठीचं अधिकृत अॅप फोनमध्ये घ्या आणि दुकानातच कोड स्कॅन करा. कंपनी आणि केबलची लांबी पाकिटाशी जुळली तर घ्या. प्रत्येक लांबीची चाचणी वेगळी होते, त्यामुळे एकाच कंपनीची दोन मीटरची केबल पास झाली म्हणून पाच मीटरचीही होईल असं नाही. दोन मीटरची प्रमाणित अल्ट्रा केबल साधारण हजार रुपयांच्या आगेमागे मिळते. तेच लेबल आणि तीच लांबी असेल तर पाच हजारांची केबल त्याहून वेगळं काही दाखवणार नाही.

का नाही? कारण एचडीएमआयमधून चित्र जात नाही, आकडे जातात. ते नीट पोचले तर टीव्ही चित्र हुबेहूब उभं करतो. लाल रंग थोडा अधिक लाल, काळा थोडा अधिक गडद असं काही केबल करू शकत नाही. तेवढी अक्कल तिच्यात नसते. केबल कमी पडू लागली की पडद्यावर मुंग्यांसारखे चमकते ठिपके येतात, चित्र क्षणभर जाऊन परत येतं, किंवा "नो सिग्नल" दिसतं. मवाळ, फिकट, धूसर चित्र हे केबलचं लक्षण नव्हे.

तशी तक्रार असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टची पूर्ण क्षमता हाताने चालू करावी लागते; कंपनीगणिक त्या पर्यायाचं नाव वेगळं, पण त्यात बहुधा "एन्हान्स्ड" किंवा "डीप कलर" असे शब्द असतात. पिक्चर मोड "विविड"वरून "सिनेमा"वर आणा. दुकानात महागड्या केबलने दिसलेला "फरक" पुष्कळदा या दोन सेटिंगांचा असतो. आणि साउंडबार जोडताना "एआरसी" असं लिहिलेल्या पोर्टलाच जोडा, टीव्हीचा आवाज तिथूनच बाहेर येतो. चुकीच्या पोर्टला जोडून केबलला शिव्या घालणारे मी बरेच पाहिले आहेत.

लांबीपुरती एक खरी सवलत महागड्या केबलला दिली पाहिजे. तांब्याची साधी अल्ट्रा केबल तीन ते पाच मीटरच्या पुढे अडखळू लागते. हॉलच्या दुसऱ्या टोकाला प्रोजेक्टर असेल, दहा-पंधरा मीटर जायचं असेल, तर आत काचेचे तंतू असलेली ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी लागते. ती महाग असते आणि तिथे तो पैसा कामाचा आहे. या केबलला दिशा असते: एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले असं लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येत नाही, म्हणून भिंतीत सारण्याआधी टोकं तपासा.

पायरी ४: स्पीकरच्या वायरचा हिशेब करा

इथे ब्रँड बाजूला ठेवा. स्पीकरच्या वायरमध्ये तीन गोष्टी बघायच्या: धातू, जाडी, लांबी.

वायरचा रोध (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, असा रूढ ठोकताळा आहे. ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम, ४ ओहमच्याला ०.२. रोध काढायचं सूत्र शाळकरी आहे: एका बाजूचं अंतर मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा (वीज जाते तशी परतही येते), ०.०१७२ ने गुणा आणि वायरच्या जाडीने, म्हणजे स्क्वेअर एमएमने भागा.

समजा मागचे स्पीकर १२ मीटरवर आहेत. पाऊण एमएमची वायर घेतली तर रोध ०.५५ ओहम, म्हणजे नापास. दीड एमएमची घेतली तर ०.२८, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला निवांत पास. ४ ओहमचा असेल तर अडीच एमएम घ्या, रोध ०.१७ भरतो. समोरचे स्पीकर तीन मीटरवर असतील तर तीच पाऊण एमएमची वायरही पुरते.

ही वायर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मीटरवर कापून मिळते. घरगुती वायरिंगची आयएसआय मार्क असलेली दोन कोअरची लवचीक तांब्याची वायर चालते. फक्त ती विजेच्या वायरसारखी दिसते, तेव्हा दोन्ही टोकांना "स्पीकर" अशी चिठ्ठी चिकटवा. उद्या कुणी तिला थ्री-पिन लावायला नको.

स्वस्तात मोठी फसवणूक होते ती धातूत. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते, पाकिटावर बारीक अक्षरांत "सीसीए" लिहिलेलं असतं. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. ओळखायची असेल तर एक तार ब्लेडने खरवडा: आतून पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनियमची. वजनालाही हलकी लागते. "ऑक्सिजन-फ्री" तांब्याचा मात्र बाऊ करू नका, साध्या चांगल्या तांब्याशी त्याच्या वहनातला फरक टक्क्याच्या आसपास आहे. चांदी तांब्याहून साधारण सहा टक्के सरस. तेवढी सुधारणा हवी असेल तर तांब्याचीच वायर किंचित जाड घ्या.

लावताना लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरचं उलटं लागलं तर बेस पातळ होतो. तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तर अॅम्प्लिफायर जळू शकतो, म्हणून बनाना प्लगवर (तारेच्या टोकाला बसवायच्या पिनेवर) थोडा खर्च जरूर करा. भिंतीत विजेच्या वायरसोबत एकाच पाइपातून नेऊ नका.

पायरी ५: अॅनालॉग जोडण्या वेगळ्या समजा

टर्नटेबल, जुना कॅसेट डेक, लाल-पांढऱ्या आरसीए पिना. इथे आकडे नाहीत, प्रत्यक्ष लहर जाते, त्यामुळे बाहेरचा गोंगाट तिच्यात मिसळू शकतो. चांगलं शील्डिंग (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) आणि घट्ट बसणारी पिन यांना इथे किंमत आहे. टर्नटेबलची केबल शक्य तितकी आखूड ठेवा. लांब केबलची कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याचा गुण) वाढते आणि मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या काट्याच्या वरच्या पट्टीतल्या आवाजावर तिचा परिणाम होतो.

स्पीकरमधून सतत "घूंऽऽ" असा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा, किंवा तिच्या दुपटीचा असतो आणि बहुतेक वेळा ग्राउंड लूपमुळे, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्यामुळे येतो. आधी सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. मग एकेक केबल काढून बघा. बऱ्याचदा केबल टीव्हीची वायर काढताच घूं थांबतं. अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

सोन्याचा मुलामा? सोनं तांब्याहून कमी वहन करतं, पण गंजत नाही. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत अॅनालॉग पिना काळवंडतात, तिथे मुलामा उपयोगी आहे. तो काहीशे रुपयांच्या केबललाही असतो.

पायरी ६: या गोष्टी सरळ नाकारा

सोनेरी टोकांची ऑप्टिकल ऑडिओ केबल: तिच्यातून प्रकाश जातो, सोन्याशी त्याचा संबंध नाही. हजारोंची "ऑडिओफाइल" पॉवर कॉर्ड: त्यापेक्षा घराचं अर्थिंग नीट करून घ्या. आणि खास संगीतासाठीची लॅन केबल. २००८ साली डेनॉनने दीड मीटरची अशी एक केबल ४९९ डॉलरना काढली होती, तिच्यावर सिग्नलची दिशा दाखवणारे बाणही होते. ऑनलाइन ग्राहकांनी तिची इतकी थट्टा केली की त्या प्रतिक्रियाच प्रसिद्ध झाल्या.

पायरी ७: तरीही फरक ऐकू येतो असं वाटत असेल तर

२००७ मध्ये अमेरिकेतले जादूगार आणि चमत्कारांचे दावे तपासणारे जेम्स रँडी यांनी आव्हान दिलं होतं: पेअर कंपनीची ७,२५० डॉलरची स्पीकर केबल साध्या केबलपेक्षा सरस आहे हे न बघता, फक्त ऐकून ओळखा आणि दहा लाख डॉलर घ्या. ते बक्षीस कुणी नेलं नाही.

घरीही हे करता येतं. महागडी केबल परत करण्याची मुदत असेल अशाच ठिकाणाहून आणा. घरातल्या कुणाला तरी अॅम्प्लिफायरच्या मागे बसवा. त्यांनी प्रत्येक वेळी नाणं उडवून केबल निवडायची, अॅम्प्लिफायर बंद करून ती लावायची आणि कागदावर टिपायची. केबल बदलली नाही तरी काढून घालायचं नाटक करायचं. तुम्ही पाठ करून बसा. गाण्याचा तोच तीस सेकंदांचा तुकडा, आवाज तेवढाच. व्हॉल्यूमचं बटण मध्ये हलता कामा नये, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. असं दहा वेळा करा आणि शेवटी कागद ताडून बघा.

पाच-सहा बरोबर आले तर तो नाण्याचाच कौल, केबल पाकिटात घालून परत करा. आठ आले तर पुन्हा दहा वेळा करा, कारण नुसत्या अंदाजानेही वीसातून एकदा आठ किंवा जास्त बरोबर येऊ शकतात. नऊ किंवा दहा आले तर आधी साध्या वायरचे जोड तपासा. एखादी पिन सैल असेल, वायर सीसीए असेल, नाहीतर लाल-काळं उलटं लागलेलं असेल. ते दुरुस्त करून पुन्हा नऊ आले, तर केबल ठेवून घ्या.